बेडकीच्या डोक्याची परीक्षा

रविवारी दुपारी क्लासच्या मोठ्या खोलीत घरातली चारही मोठी माणसं जमली आणि आपोआप बाकांवर जाऊन बसली. आत्या पहिल्या बाकावर, तिचा धाकटा भाऊ खिडकीजवळ, आणि भावजय भांडायच्या तयारीनं थेट शेवटच्या बाकावर. फळ्याखालच्या खुर्चीत सर. सर म्हणजे आत्याचे सख्खे वडील, पण त्यांना 'बाबा' म्हणायची या घरात कधी कुणाची छाती झाली नव्हती. मुलं सर म्हणत, सून सर म्हणे, आणि खालच्या मजल्यावरचा टायरवालाही हातातला पाना बाजूला ठेवून सरच म्हणे.

आतल्या खोलीत पडदे ओढून बेडकी पडली होती. ही धाकट्याची एकुलती एक लेक, सातवीतली, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. गोलसमोर ती गुडघे वाकवून दबा धरून बसे आणि मग जी काही उडी मारे, त्यावरून मैत्रिणींनी हे नाव ठेवलं होतं आणि घरानंही ते उचललं होतं. गुरुवारच्या सामन्यात तिची तिच्याच संघातल्या एका मुलीशी टक्कर झाली आणि डोकं जमिनीवर आपटलं. या मोसमातली ही तिसरी खेप.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन केला, आत रक्तस्राव नाही असं सांगितलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला एक गोष्ट कळत नाहीये," त्या म्हणाल्या होत्या. "आधीच्या दोन्ही वेळी ही पोरगी माझ्या चाचण्यांमध्ये इतकी झकास कशी पास झाली? मेंदूला धक्का बसला की तो भरून यायला वेळ लागतो. भरायच्या आत दुसरा बसला, तर प्रकरण फार वेगळं होतं. आधीचे दोन पूर्ण बरे झाले होते की नाही, यावर पुढचं सगळं ठरणार आहे. घरी नीट आठवा आणि सोमवारी सकाळी सांगा. मधे काही वेगळं वाटलं तर केव्हाही फोन करा."

आठवायचं काहीच नव्हतं. चौघांनाही सगळं तोंडपाठ होतं. बेडकी पास झाली होती, कारण तिची तयारी करून घेतली होती.

हे दुसऱ्या कुठल्याही घरात घडलं नसतं याचा आत्याला चक्क थोडा अभिमान वाटत होता, आणि तो वाटतोय हे लक्षात येऊन तिची तिलाच लाजही वाटत होती. तीन पिढ्या हे घर शिकवण्यांवर जगत होतं. बेडकीच्या पणजोबांनी जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत दोन मुलं घेऊन सुरुवात केली, सरांनी तो पसारा वर आणला, आणि आता विज्ञान आत्याकडे, गणित धाकट्याकडे. परीक्षा दिसली की तिची तयारी करून घ्यायची, यापलीकडे या घराण्याला दुसरं काही येत नव्हतं. धाकट्यानं लग्नाची मागणी घातली तीही मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन अशी. आत्यानं तर सांगून आलेल्या प्रत्येक स्थळाला शंभरपैकी गुण दिले होते आणि सगळे काठावर नापास झाले होते. पेपर जरा सैल हातानं तपासले असते तर बरं झालं असतं, असं तिला अधूनमधून वाटे, पण फेरतपासणीची मुदत केव्हाच टळली होती.

तर पहिल्या खेपेला बेडकीचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. विश्रांतीनंतर बाईंनी चाचणी घेतली. पाच शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळानं परत विचारायचे. आकडे आणि महिने उलटे म्हणायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. आणि शेवटी डोकं दुखतं का, उजेड खुपतो का, मळमळतं का, एकाचे दोन दिसतात का, असं एकेक विचारून प्रत्येक त्रासाला शून्य ते सहा आकडा द्यायचा. बेडकीला पाचातले दोनच शब्द आठवले. "अजून पुरती बरी नाही, पुढच्या आठवड्यात बघू," इतकंच बाई म्हणाल्या. पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या वाक्याचं 'बेडकी नापास झाली' असं झालं होतं. सरांची नात, आणि नापास!

कुणी काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तयारी आपली सुरू झाली. बाई या वेळी वेगळे शब्द काढणार हे ओळखून सरांनी अपेक्षित शब्दांचा संच काढला: घरातल्या वस्तू, प्राणी, फळं. धाकट्यानं उलटे आकडे घेतले. भावजय घड्याळ घेऊन पोरीला एका पायावर उभी करी. शब्द सुटे धरायचे नाहीत, गोष्टीत ओवायचे, ही युक्ती आत्याची. चमचा, ढग, दोरी, लिंबू, हत्ती असे आले, तर हत्तीनं चमच्यानं ढगावर लिंबू पिळलं आणि ढग दोरीवर वाळत घातला. बेडकी खुदखुदून हसली होती आणि हसताना तिनं कपाळ धरलं होतं. आत्याला ते दिसलं होतं. सरावात व्यत्यय आला म्हणून ती जरा चिडलीही होती.

शेवटचे प्रश्नही आत्याकडेच होते. "सगळीकडे शून्य नाही सांगायचं," तिनं बजावलं होतं, "परीक्षकाला संशय येतो. डोकं शून्य, उजेड शून्य, बाकीचं सगळं शून्य, आणि थकव्याला एक. एक बरा दिसतो."

बेडकी पैकीच्या पैकी मिळवून आली. भावजयीनं सगळ्यांसाठी आईस्क्रीम आणलं. दुसऱ्या खेपेलाही हेच सगळं झालं, फक्त आईस्क्रीमचा डबा मोठा होता.

"सांगून टाकायचं," शेवटच्या बाकावरून भावजय म्हणाली. "उद्या जायचं आणि सगळं सांगायचं."

"सगळं म्हणजे काय?" सर म्हणाले. "शब्द नेमका वापर."

"आपण तिच्याकडून घोकून घेतलं ते."

"घोकणं वेगळं, तयारी वेगळी. मी आयुष्यात कुणाला घोकायला लावलेलं नाही."

"सर, तुम्ही पोरीला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावत होता. तोंडात घास असताना. ऑगस्टला तिला ठसका लागला."

"जुलै," धाकटा पुटपुटला. "ऑगस्ट नीट गेला होता."

सरांनी दोघांकडे दुर्लक्ष केलं. "उद्या गावभर काय होईल, याचा विचार केलाय? सरांच्या नातीनं कॉपी केली! तीही डोक्याच्या परीक्षेत! या भिंतीवर काय लिहिलंय ते वाच."

भिंतीवर सरांच्या वळणदार अक्षरात 'येथे फक्त प्रामाणिक कष्ट चालतात' असं लिहिलेलं होतं. सगळ्यांनी ते वाचलं, आणि वाचून झाल्यावर कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

आत्या सवयीनं सरांच्या बाजूची. तिनं घसा साफ केला. "मला विचाराल तर दोष बाईंच्या पेपरातच आहे. ज्या परीक्षेची इतकी सहज तयारी करता येते, ती परीक्षाच..."

पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. आत एक पोर अंधारात डोकं धरून पडली होती आणि ही बया इथे प्रश्नपत्रिकेचं परीक्षण करत होती. आपण मेलो तर डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलेल्या मरणाच्या कारणातही आपण शुद्धलेखन तपासू, असं तिला वाटलं.

"बघा," भावजय नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तरी बोला."

"सांगूया की," धाकटा म्हणाला. "लपवण्यात अर्थ नाही. मी स्वतः सांगतो."

"आणि मग त्या तिचं खेळणं बंद करतील," सर म्हणाले. " निदान या वर्षीचं. निवडीचे सामने गेले."

धाकट्याचा चेहरा उतरला. लहानपणी त्याला सरांनी मैदानाच्या आसपासही फिरकू दिलं नव्हतं. लेकीच्या प्रत्येक सामन्याला तो गोलच्या मागे उभा राही आणि तिनं बॉल अडवला की जाळीला असा लटके, की पंचांनी एकदा त्यालाच ताकीद दिली होती.

"म्हणजे, सांगायचं म्हणजे..." तो म्हणाला, "एवढंच म्हणू ना, की थोडा सराव केला होता. थोडासा."

"आत्ता तुम्ही माझ्या बाजूला होता ना?"

"बाजूलाच आहे गं. फक्त थोडा अलीकडे सरकलोय."

भावजयीचे डोळे भरून आले. ती क्लासच्या घरातली नव्हे. लग्नाआधी पहिल्यांदा इथे आली तेव्हा सरांनी तिला प्रेशर कुकरचं तत्त्व विचारलं होतं आणि तिला ते आलं नव्हतं. तेव्हापासून आत्या आणि ती, दोघींनी एकमेकींशी नेहमी एका बाकाचं अंतर राखलं होतं. पण आज तिचा चेहरा पाहून आत्या उठली, सगळे बाक ओलांडून मागे गेली आणि तिच्याशेजारी उभी राहिली.

"तुम्ही इकडे कुठे?" भावजयीनं डोळे पुसत विचारलं.

"सरक जरा."

ती सरकली. आत्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या बाकावर बसली. तिथून फळा चांगला दिसत होता. सर मात्र बरेच लहान दिसत होते.

"सर," ती म्हणाली, "शब्दांचं जाऊ द्या. आकड्यांचं, पायाचंही जाऊ द्या, ते बाई पुन्हा तपासून ओळखतील. पण दुखतंय का, या प्रश्नाचं उत्तर फक्त पोरीजवळ होतं. स्कॅनमध्येही दिसत नाही ते. आणि तेवढंच नेमकं मी तिच्याकडून काढून घेतलं आणि माझं देऊन टाकलं. उद्या हे सांगायलाच हवं."

खाली टायरवाल्याच्या पंपाचा फुसफुस आवाज येत होता. सर बराच वेळ हातातल्या मार्करचं टोपण लावत आणि काढत राहिले.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "सांगू. पण मुद्देसूद सांगायचं. तिथे जाऊन चौघांनी गलका करायचा नाही."

ते उठले आणि फळ्यावर लिहू लागले. प्रस्तावना धाकट्यानं करावी. मग घटनाक्रम. उद्देश चांगला होता हा मुद्दा आधी घ्यावा की शेवटी, यावर वाद झाला. आधी घेतला तर सबब वाटेल, असं धाकट्याचं मत. शेवटी घेतला तर परीक्षकाच्या मनावर ठसतो, असं सरांचं. भावजय कपाळाला हात लावून बसली होती, पण 'घटनाक्रम' खाली आईस्क्रीम घालायची काही गरज नाही, हे तिनंही ठासून सांगितलं. आत्यानं मागून सुचवलं की माफीचा मुद्दा अधोरेखित करावा. सरांनी तो अधोरेखित केला.

"आता मी डॉक्टरीणबाई," सर खुर्चीत बसत म्हणाले. "चल, सुरू कर."

धाकटा उठून उभा राहिला, हात मागे बांधले आणि म्हणाला, "बाई, आज आम्ही आपल्यासमोर..."

"हळू बोला ना."

दारात बेडकी उभी होती. एक हात भिंतीवर, दुसरा कपाळावर धरून डोळ्यांवर सावली केलेली. खिडकीतून तसा फार उजेडही येत नव्हता.

"उठलीस कशाला?" भावजय धावली.

"पाणी हवंय."

धाकट्यानं पाणी आणलं, भावजयीनं तिला बाकावर टेकवलं. सरांनी घाईघाईनं फळा पुसला, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "मग? डोकं कसं आहे आमच्या बेडकीचं?"

बेडकी ताठ झाली. कपाळावरचा हात तिनं खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. डोळे मात्र बारीक झाले.

"आता बरं आहे," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. "डोकं दुखत नाही. उजेडाचा त्रास नाही. मळमळ नाही. थोडा थकवा आहे. एक."

उत्तर निर्दोष होतं. अडखळणं नाही, क्रम चुकलेला नाही. एरवी आत्यानं 'शाब्बास' म्हटलं असतं, आणि खरं सांगायचं तर आत्ताही तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता.

सर नातीकडे बघत राहिले. त्यांनी उभा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात घालवला होता. कुठलं उत्तर पोरानं स्वतः लिहिलंय आणि कुठलं गाईडातून उतरवलंय, हे त्यांना पहिल्या ओळीतच कळे, आणि त्याचा त्यांना जबर गर्व होता.

"हे पाठ केलेलं आहे," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मागच्या बाकापर्यंत जेमतेम पोचला. "राणी, मला पाठ केलेलं नको. खरं सांग."

बेडकीनं एकदा आजोबांकडे पाहिलं. मग मान वळवून खोलीभर शोधत तिची नजर शेवटच्या बाकावर आली.

"आत्या, थकव्याला दोन करू का?"

"नको गं," आत्या म्हणाली. "मी सांगितलेलं काहीच नको. तुला जे होतंय ते सांग."

"हो, पण बरोबर किती?"

या खोलीत आत्याला आजवर हजारो प्रश्न विचारले गेले होते आणि एकाही मुलाला ती 'मला माहीत नाही' असं म्हणाली नव्हती. उत्तर येत नसलं की ती 'छान प्रश्न आहे, उद्या घेऊ' म्हणत असे.

"मला येत नाही ते," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांनाही येत नाही. आमच्यापैकी कुणालाच येत नाही."

बेडकी घाबरली. ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. आत्यानं मग सकाळची वाट पाहिली नाही. तिथेच बसून तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि बाईंनी 'हॅलो' म्हणताच प्रस्तावना, घटनाक्रम, उद्देश, सगळं सोडून ती बोलून गेली: "बाई, आम्ही तिची तयारी करून घेतली होती. दोन्ही वेळा. शब्दांची, आकड्यांची, सगळ्याची. दुखत नाही हे उत्तरसुद्धा मीच शिकवलं तिला."

पलीकडे बाई रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर आत्याला बरं वाटलं असतं.

"फोन स्पीकरवर टाका आणि तिच्यासमोर ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि मधे कुणीही बोलायचं नाही. कुणीही."

बाकावर फोन ठेवला गेला. चार शिक्षकी तोंडं मिटली. भावजय शिक्षिका नव्हती, पण एव्हाना तिलाही त्यातच धरायला हरकत नव्हती.

"काय गं बेडकी, दुखतंय का?"

"थोडं." मग बऱ्याच वेळानं, "खूप."

"कधीपासून?"

"आधीपासून. म्हणजे पहिल्यांदा लागलं ना, ते थांबलं होतं मधे, थोडं थांबलं होतं. मग दुसऱ्यांदा लागलं तेव्हापासून नाही थांबलं. सकाळी थांबतं. नाही, सकाळी पण असतं, पण दात घासेपर्यंत नसतं. शाळेत फळा हलतो. वर्गातल्या बाईंचा आवाज टोचतो. आणि मला उगाच रडू येतं, पण ते त्याच्यात धरायचं की नाही, माहीत नाही."

ते उत्तर फार वाईट होतं. त्याला शेंडा नव्हता, बुडखा नव्हता, पुढचं वाक्य मागच्याला खोटं पाडत होतं. आत्यानं दहापैकी तीनही दिले नसते. धाकट्यानं मदतीसाठी तोंड उघडलं आणि भावजयीनं त्यावर हात ठेवला. सरांनी मान खाली घातली होती. आत्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"छान सांगतेयस," बाई म्हणाल्या. "गुरुवारी सामन्यात काय झालं?"

"दोन बॉल दिसले. आधीही दिसायचे कधीकधी. खरा कुठला ते कळेना, म्हणून मी मधे उडी मारली. मधे ती होती."

"बरं. आता ऐक. तुला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणायला सांगते मी. मीही निघते. बॉल सध्या नाही, आणि शाळाही हळूहळू."

"निवडीचे सामने?"

"तेही नाही."

बेडकी रडली नाही. धाकटा मात्र खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"आणखी एकच विचारते," बाई म्हणाल्या. "हे दोन दोन दिसणं गुरुवारी टक्कर व्हायच्या आधीचं ना? मग सामन्याला जाण्यापूर्वी घरात कुणाला सांगितलं नाहीस?"

"आत्यानं विचारलं होतं सकाळी. मी शून्य म्हणाले."

"का गं?"

इतका सोपा प्रश्न कुणी का विचारावा, हे बेडकीला कळेना. तिनं आत्याकडे पाहिलं.

"तेच बरोबर होतं ना?"